बुडाला नाही, पळाला

आपला बाप बुडून मेला, ही बातमी भिंगरीला एका छत्रीवालीकडून कळली. तीही पन्नासेक परक्या माणसांच्या घोळक्यात उभं राहून, फुकटात.

त्या दिवशी बंदरात मोठं जहाज लागलं होतं. मोठं म्हणजे एखादी उंच इमारत आडवी करून पाण्यात सोडावी आणि खिडक्या तशाच राहाव्यात, एवढं. जहाज लागलं की सगळं गाव तोंड धुऊन, भांग पाडून उभं राहायचं. माणसं उतरायची, छातीवर नंबराचा गोल स्टिकर चिकटवलेली, आणि आपापल्या छत्रीच्या मागून चालू लागायची. ऊन असो नसो, पुढे चालणाऱ्या गाइडची छत्री उघडी आणि उंच. निळ्या छत्रीमागून गेलं की दीपगृह. पिवळ्या छत्रीमागून गेलं की कड्यावरची पायवाट. ज्यांच्या अंगात जरा जास्त रग, ते हिरव्या छत्रीमागून मामाच्या शेडकडे यायचे. तिथं कायाक मिळायची, लाइफ जॅकेट मिळायचं, आणि वल्हवत वल्हवत समुद्राच्या गुहेत जाऊन यायला मिळायचं.

भिंगरीचं खरं नाव हजेरीपटावर राहिलं ते राहिलंच. नववीत शाळा सुटली. तिनं शाळा सोडली की शाळेनं तिला, यावर घरात दोन मतं होती. बाईंनी वर्गात म्हटलं होतं, "हिच्या बुडाखाली काटे आहेत का?" त्यावर ही म्हणाली होती, "काटे नाहीत, बाक आहे, आणि तो तुम्ही एकदा बसून बघा." त्यानंतर दोन्ही बाजूंनी फारसा आग्रह झाला नाही. आता ती मामाच्या शेडवर कायाक ओढायची, जॅकेटं वाळत घालायची आणि गिऱ्हाइकांच्या पुढच्या बोटीत बसून त्यांना गुहेत न्यायची. पाण्यात तिच्यासारखी पोर नाही, असं मामा म्हणायचा. जमिनीवर मात्र तिच्यासारखी नसलेलीच बरी, असंही म्हणायचा.

तर त्या दिवशी एक फेरी मामानं नेली, म्हणून भिंगरी आईचा डबा घेऊन खडकावर निघाली होती.

आई रोज त्या खडकावर बसायची. हौस म्हणून नाही, तेच तिचं काम. गुहेचं तोंड बुटकं आहे. पाणी निजलेलं असलं की मान वाकवून आत जाता येतं, आणि आत गेलं की देवानं दार उघडावं तशी जागा. वरच्या भोकातून उजेड पडतो आणि पाणी हिरव्या बाटलीसारखं दिसतं. पण बाहेरून जाड लाट आली की पाणी चढतं आणि तोंड मिटतं. कायाकमधल्या माणसाला ती लाट दिसते ती डोक्यावर आल्यावरच. आधी दिसते फक्त खडकावरून. लांब, पाण्याखाली एक बुडालेला कातळ आहे, जाड लाट त्याच्यावरून येताना पांढरी होते. तिथं पांढरं झालं की आई लाल बावटा वर करायची. मग बाहेरच्या बोटी बाहेर थांबायच्या, आतल्या आत भिंतीच्या दोराला धरून राहायच्या. पाणी बसलं की हिरवा. बोटी पाण्यात असेपर्यंत आईची मान वळायची नाही. माशी बसो, कावळा येवो, कुणी हाक मारो. डबासुद्धा ती चाचपडत खायची, एक घास तोंडात आणि एक गालावर.

त्या खडकाला लागूनच कड्यावरची पायवाट जाते. पिवळी छत्री तिथं थांबली होती. छत्रीवालीचा आवाज एकदम खाली गेला होता, आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तसा.

"तिकडे बघा," ती म्हणत होती, "पण हळू. ती बाई दिसते ना? तिचा नवरा समुद्रावर गेला तो परत आला नाही. लाटेनं नेला. तेव्हापासून ती रोज इथं बसते. ऊन बघत नाही, वारा बघत नाही. कुणाशी बोलत नाही. डोळे फक्त समुद्राकडे. लोक म्हणतात, ज्या दिवशी ती मान वळवेल, त्या दिवशी तिनं आशा सोडली असं समजायचं."

घोळक्यातून एक लांब "अरेरे" निघाला. फटाफट फोटो निघाले. एका म्हाताऱ्या बाईनं चष्मा काढून डोळे टिपले.

भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डबा काखेत मारून ती घोळक्यात घुसली.

"ओ मावशी! कोण बुडालं? तो माझा बाप आहे! तो जहाजावर भांडी घासायला गेला आणि तिकडच्या बंदरात दुसरा संसार थाटून बसलाय! बुडाला नाही, पळाला!"

छत्रीवाली काही बोलायच्या आत खडकावरून आवाज आला. मान तिकडेच, पाठ इकडे.

"ए. गप बस. बोटी आत आहेत."

झालं. घोळक्यानं ऐकलं ते एवढंच, की दुःखी बाई कित्येक वर्षांनी बोलली, आणि बोटींबद्दल बोलली. आता तर दोघीतिघी रडायलाच लागल्या. चष्मावाल्या म्हातारीनं भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पोरीला अजून पटत नाहीये गं."

भिंगरीनं डबा खडकावर आपटला आणि खाली उतरली. उतरताना पायाखालचा प्रत्येक दगड तिनं लाथ मारूनच ओलांडला.

संध्याकाळी शेडमध्ये जॅकेटं दोरीवर टपटपत होती. शेडच्या मागच्या खोलीत हे तिघं राहायचे, आई, मामा आणि भिंगरी. भिंतीला वल्ही टेकवलेली, खाटेखाली हेल्मेटं. खोलीला ओल्या रबराचा एक वास होता, तो अंथरुणालासुद्धा यायचा. भिंगरी आल्यापासून तोफ डागत होती.

"विधवा करून ठेवलंय तुला! पार विधवा! आणि बापाला हुतात्मा! त्याला कळलं तर तिकडे पेढे वाटेल तो."

"मला माहितीये," आई म्हणाली. ती बावट्यांच्या काठ्या फडक्यानं पुसत होती.

"काय माहितीये?"

"ती काय सांगते ते. दोन हंगाम झाले. पाठीमागं उभं राहून सांगते, मला काय कान नाहीत?"

"आणि तू ऐकून घेतेस?"

"मला बरंच पडलं." आईनं काठी उलटी केली. "आधी काय व्हायचं? जो येईल तो खडकावर चढायचा. बाई, फोटो काढा. बाई, टॉयलेट कुठंय. बाई, तुमच्या हातातलं फडकं विकायचंय का. एकजण तर माझ्या शेजारी बसून मला त्याच्या सुनेच्या तक्रारी सांगत होता. आता कुणी जवळ येत नाही. विधवा म्हटल्यावर माणूस दहा हात लांबच राहतो. मला पाणी बघता येतं."

मामा खदखदून हसला. "ताई, तू म्हणजे ना. आणि हे बघ भिंगरे, धंद्यालाही बरं आहे. लोक वरून फोटो काढतात आणि खाली येऊन विचारतात, त्या बाईच्या गुहेत जायचंय. तुझं काय जातंय?"

"माझा बाप जातोय! बुडून!"

"तो तसा गेलेलाच आहे," मामा म्हणाला, "कोरडा गेला की ओला, काय फरक पडतो?"

 भिंगरीचा राग दुप्पट झाला. तिनं एक हेल्मेट उचलून दुसऱ्या हेल्मेटावर आदळलं आणि बाहेर जाऊन बसली. बाप जिवंत आहे याचा तिला आनंद होता असं नाही. पण तो कधीमधी फोन करून "शाळा काय म्हणते?" विचारायचा, शाळा सुटल्यालाही जमाना झाला होता. असल्या माणसासाठी आपली आई जन्मभर खडकावर झुरतेय, असं लोकांनी समजावं? वर फोटो काढून जगभर न्यावं? आई त्याच्यासाठी एक दिवस रडली होती, दुसऱ्या दिवशी त्याच्या शर्टांची पोतेरी केली होती. हे कुणी का सांगत नाही?

दोन दिवसांनी सकाळी पट्टेवाला शेडवर आला.

हा जहाजाच्या सहलींचा साहेब. कुठल्या छत्रीमागून किती माणसं जायची हे तो ठरवायचा. गळ्यात ओळखपत्राचा रुंद निळा पट्टा असायचा, तो झोपतानाही काढत नसावा. म्हणून भिंगरीनं त्याचं नाव पट्टेवाला ठेवलं होतं, आणि मामा तिच्या पाठीत धपाटा घालून समोर मात्र "साहेब, साहेब" करायचा.

साहेबानं एक प्लॅस्टिकची पिशवी आणली होती. आतून राखाडी शाल निघाली.

"ताई," तो आईला म्हणाला, "तुमची गोष्ट लोकांना फार आवडते. जहाजावर परत जाऊन सगळे तुमच्याबद्दलच बोलतात. तर आम्ही ठरवलंय, त्या खडकाला रेलिंग करायचं. एक छानसा बाक. एक पाटी. तुम्ही ही शाल पांघरून बसायचं. कायाक नसतील त्या दिवशीही. पगार आमच्याकडून."

"बाक कुठं?" आईनं विचारलं.

"तिथंच. फक्त जरा डावीकडे वळवून. आता काय होतं, पाठच येते फोटोत. चेहऱ्यावर उजेड पडला पाहिजे."

"डावीकडे वळले तर बुडालेला कातळ दिसत नाही."

"त्याचं बघू हो आपण. एखादा पोरगा ठेवू, कॅमेरा बसवू, काहीतरी करू." साहेब हसला. "आणि एक अडचण आहे, तुम्ही अधूनमधून ते झेंडे हलवता ना, त्यानं मूड जातो. नवऱ्याची वाट बघणारी बाई झेंडे का हलवेल?"

भिंगरी कोपऱ्यात कायाकमधलं पाणी उपसत होती. तिनं डबडं टाकलं. "का म्हणजे? नवरा येताना दिसला तर लाल, नाही दिसला तर हिरवा!"

"भिंगरे!" मामा ओरडला.

"ही मुलगी का?" साहेबानं तिच्याकडे असं बघितलं, जसं बाजारात डागाळलेल्या फळाकडे बघतात. "हिला जरा आवरा. परवा गटासमोर तमाशा केला म्हणे." मग आईकडे वळून एकदम गोड झाला. "विचार करा ताई. पुढचं जहाज येईल त्या दिवशी आमचा फोटोवाला येतोय. सहलींच्या पुस्तकात पहिल्या पानावर तुम्ही. आणि खरं सांगू का, खडक नुसताच बघायचा तर आमच्या लोकांना तिथं आणायची गरज नाही. कायाकसाठीही आणायची गरज नाही. गुहा काय, पुढच्या बंदरातही आहे."

एवढं गुळाच्या ढेपेत सुई टोचून तो निघून गेला.

मामानं शाल उलगडून बघितली, नाकाला लावली. "चांगली ऊबदार आहे."

"आई," भिंगरी म्हणाली.

आईनं प्लॅस्टिकच्या पिशवीची घडी घातली.

"आई, तू हो म्हणणार नाहीस ना? अगं तो तुला पाण्याकडे पाठ करून बसवतोय! बोटी काय त्या पाटीकडे बघून आत शिरतील? बोल ना काहीतरी! तू कधीच काही बोलत का नाहीस?"

"तू ठेवतेस का काही बोलायला?" आई म्हणाली. "सगळ्यांच्या वाटचं तूच बोलून टाकतेस. मी कधी बोलायचं, रांग लावून?"

"मग बोल की आता. मी गप्प बसते."

आईनं तिच्याकडे बघितलं.  "बसशील?" एवढंच विचारलं, आणि बावट्यांच्या काठ्या उचलून खडकाकडे गेली.

पुढचे दिवस भिंगरी आतल्या आत उकळत राहिली. आई हो म्हणणार, याची तिला खात्री पटत चालली होती. आई म्हणजे मूग गिळायचा कारखाना. बाप गेला तेव्हा मूग, मामानं शेडचा सगळा कारभार आपल्याकडे घेतला तेव्हा मूग, आणि आता हेही गिळणार. शाल खुंटीला लटकत होती. येता जाता भिंगरी तिला कोपर मारायची.

जहाज आलं त्या सकाळी समुद्र आळसावलेला होता, पण साधा नव्हता. लांबून कुठूनतरी सुस्त, जाड लाटा येत होत्या, एकेक करून, मध्ये बराच वेळ सोडून. असल्या दिवशीच फसायला होतं. हिरव्या छत्रीमागून आलेली गिऱ्हाइकं जॅकेटात कोंबली गेली, हेल्मेटं उलटीसुलटी घालून झाली. एकजण बूट काढायला तयार नव्हता.

भिंगरी आपलं वल्हं घ्यायला गेली तर ते जागेवर नव्हतं. ते आईच्या हातात होतं.

आईनं लाइफ जॅकेट घातलं होतं. पट्टे करकचून आवळले होते. दुसऱ्या हातात राखाडी शाल, आणि त्या शालीनं ती एकेका कायाकची बैठक खसाखसा पुसत होती.

"ताई!" मामा धावत आला. "अगं ती साहेबाची शाल."

"पाणी चांगलं शोषते," आई म्हणाली. शाल पिळून तिनं दोरीवर टाकली आणि बावट्याच्या दोन्ही काठ्या भिंगरीच्या हातात दिल्या. "आज तू वर."

"मी?"

"ही?" मामा म्हणाला. "हिला एका जागी दोन घटका बसवत नाही! नववीत..."

"नववीत बघायला काय होतं? फळा." आई भिंगरीकडे वळली. "कातळ तुला दिसतो. माझ्या मांडीवर बसून बघितलायस. डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत तुझे. फक्त मानेचं सांगते. मान वळवायची नाही. कुणी काहीही म्हणो. मला रांड म्हणो, तुला रांडेची म्हणो. मी आत आहे, एवढं लक्षात ठेव."

"आणि तो फोटोवाला? तो पट्टेवाला?"

"त्याला माझं उत्तर पाहिजे होतं ना?" आईनं कायाक पाण्यात लोटली आणि अशी सफाईनं आत बसली, की भिंगरीला कळलं, पाण्यात आपल्यासारखी पोर का नाही ते. "चला हो सगळे. ते बूटवाले भाऊ, पाय आत घ्या."

खडक गार होता. भिंगरी बसली आणि बसल्याबरोबर तिच्या सगळ्या अंगाला खाज सुटली. नाक, मान, टाच, सगळं एकदम जागं झालं. तिनं दात आवळले आणि लांब, त्या बुडालेल्या कातळाच्या जागी नजर रोवली. पाणी निळं. निळं. निळं. खाली बोटी तोंडापाशी जमल्या. तिनं हिरवा वर केला. एकेक बोट वाकून आत गेली, आईची सगळ्यात पुढे.

आणि तेवढ्यात मागून चपला वाजायला लागल्या.

"इथं बघा," छत्रीवालीचा दबका आवाज सुरू झाला आणि अडखळला. तिला पाठ दिसली होती, पण ती भलतीच पाठ होती. वेणीवाली.  पण पोट तिलाही होतं, आणि अंगावर घोळका होता, आणि घोळक्यामागे पट्टेवाला साहेब फोटोवाल्याला घेऊन उभा होता. "ही... ही तिची मुलगी. आज आईला बरं नाही. म्हणून मुलगी बसलीय. वडिलांची वाट बघत."

"अरेरे," घोळका म्हणाला.

 भिंगरीची मान आपोआप वळायला लागली, अगदी हनुवटी खांद्यापर्यंत आली. तिनं ती तिथून ओढून परत आणली, जशी हट्टी बोट ओढतात. निळं. निळं.

"माझी आई ठणठणीत आहे," ती समुद्राला म्हणाली. मोठ्यानं. "ती खाली गुहेत आहे. बाप बुडालेला नाही. मी लाट बघतेय, वाट नाही बघत कुणाची."

मागे कुजबुज झाली. मग छत्रीवाली हळूच म्हणाली, "दुःखानं असं होतं."

काय बोलणार यावर? खरं सांगितलं तर वेडी, गप्प बसलं तर विधवेची पोर. भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं. आणि ते पुसायलाही सवड नव्हती, कारण डोळे मिटून चालणार नव्हतं. तिनं पापण्या ताणून धरल्या. मागे कॅमेरे वाजत राहिले. आता हे रडणंही पहिल्या पानावर जाणार, तिला वाटलं. जाऊ दे. खड्ड्यात जाऊ दे ते पान.

"बाजूला व्हा जरा," साहेबाचा आवाज जवळ आला. "ए मुली. तुझी आई कुठंय? आज फोटो ठरला होता."

"सांगितलं ना. खाली."

"माझ्याकडे बघून बोल."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. बोटी बाहेर आल्या की बघते. तोवर पाठीशी बोला."

फोटोवाला फिसकन हसला. तेच साहेबाला लागलं असणार. एवढ्या माणसांसमोर शेडवरची पोरगी पाठ दाखवून बोलते म्हणजे काय! तो खडकावर चढला, बुटाखालची वाळू करकरली, आणि तो तिच्या समोर येऊन उभा राहिला. बरोबर समोर. कंबरेवर हात. निळं पाणी गेलं आणि त्या जागी पांढरा शर्ट आला.

"आता बघ," तो म्हणाला. "आता बोल."

भिंगरी डावीकडे झुकली. तोही झुकला. उजवीकडे झुकली, तोही. त्याची ती गंमत होती, की हट्ट, कोण जाणे.

"सरका. सरका तिथून!"

"आधी माझ्याशी नीट..."

तिनं बावटे मांडीत धरले, रिकाम्या हातानं त्याच्या गळ्यातला रुंद निळा पट्टा पकडला, आणि ओढला. जोरात, कायाक रेतीवर ओढतात तसा, खांद्यातून. साहेब वाकला, त्याचा पाय शेवाळावर गेला, आणि तो खडकाच्या खळग्यात साचलेल्या पाण्यात बसला. धप्पकन.

मागे घोळका ओरडला. भिंगरीनं ऐकलं नाही. लांब, कातळाच्या जागी, पाण्यावर पांढरी रेघ उमटली होती.

लाल.

तिनं दोन्ही हातांनी काठी वर केली, उभी राहिली, चवड्यांवर. खाली एक बोट तोंडातून बाहेर यायच्या बेतात होती, बूटवाल्या भावांची. ती थांबली, मागे सरकली, अंधारात गेली. लाट आली ती सावकाश, काही घाई नसल्यासारखी, आणि गुहेचं तोंड गपकन मिटलं. पाणी वर, वर, आणि मग फुसकन फेस.  तोंड परत उघडलं. काळोख दिसला. त्या काळोखातून आईचा आवाज आला, गुहेत दुप्पट होऊन. ती गिऱ्हाइकांना भिंतीचा दोर सोडू नका म्हणून झापत होती.

 मागे चष्मावाल्या म्हातारीसारखीच दुसरी कुणीतरी म्हातारी म्हणाली, "अगं बाई, ही तर खरंच लाट बघत होती."

"आता कायाक नाही, काही नाही," साहेब खळग्यातून म्हणाला. त्याची पँट चिकटली होती. "आजपासून बंद. एक माणूस इकडे पाठवणार नाही मी. तुझ्या मामाला सांग."

"सांगते," भिंगरी म्हणाली. पाणी निळं झालं होतं. तिनं हिरवा वर केला.  मामाचं तोंड कसं होईल ते तिला न बघताही दिसत होतं. "सरकताना जरा जपून. तिकडे पण शेवाळ आहे."

बोटी एकेक करून बाहेर आल्या. शेवटची बोट रेतीला लागली, तेव्हाच भिंगरीनं मान वळवली. मानेत चमक भरली होती. वर कुणी नव्हतं. पिवळी छत्री लांब पायवाटेवर हलत होती आणि तिच्या मागचे तीनचार जण रांग सोडून खाली शेडच्या वाटेला लागले होते. बाकीचे छत्रीच्या मागेच होते. असतातच.

शेडमध्ये मामा डोक्याला हात लावून उलट्या कायाकवर बसला होता. बातमी भिंगरीच्या आधी पोचली होती.

"पट्टा धरलास? माणसाचा पट्टा धरलास?"

"मी पट्टाच धरला. माणूस त्याला लागून आला, त्याला मी काय करू?"

"हसायला येतंय तुला? उद्यापासून खायचं काय? ताई, हिला काहीतरी बोल!"

आई हेल्मेट काढत होती. केस डोक्याला चिकटले होते आणि गाल लाल झाले होते. ती भिंगरीसमोर येऊन उभी राहिली. भिंगरीनं हनुवटी वर केली. मार तर मार.

"लाल उशिरा आला," आई म्हणाली.

"नाही आला!"

"आला. एक बोट तोंडात होती."

"मध्ये साहेब उभा होता!"

"साहेब असो नाहीतर त्याचं जहाज असो. उशीर तो उशीर. माणूस मध्ये यायला लागला की तो पोचायच्या आधी लाल करायचा. दिसत नसेल तर लाल. पुन्हा सांगणार नाही."

"पुन्हा?" मामा किंचाळला. "पुन्हा कुठलं? कोण येणारे आता?"

दारात तीनचार माणसं उभी होती, छातीवर पिवळे स्टिकर, जरा बावरलेली. त्यातल्या एका बाईनं विचारलं, गुहेत जायला मिळेल का, आणि पोहता आलंच पाहिजे का.

मामा उठला. साहेबाला कळलं तर काय, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तो तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, "तो स्टिकर काढा आधी. भिजला की निघत नाही." आणि तिनं स्वतःच पुढे होऊन त्या बाईच्या छातीवरचा गोल कागद नखानं उचकटला, चुरगाळला आणि डब्यात टाकला.

मामानं दोरीवरून जॅकेट ओढलं. "मापाचं बघून घ्या," तो पुटपुटला. "ताई, तू वर जाणार की पाण्यात?"

"पाण्यात," आई म्हणाली. "किती वर्षं झाली वल्हं मारून. अजून हात भरून आले नाहीत."

भिंगरी दोन्ही काठ्या घेऊन खडकाकडे निघाली होती. मान अजून दुखत होती.